कुणीच काही दाबलं नाही तर

बाबा, तुम्ही जिंकलात असं मुळीच समजू नका.

काल तुमचं तेरावं झालं. गोडाचं जेवण उरकलं, मांडववाल्यानं खुर्च्या उचलल्या, शेजारच्यांचे डबे घासूनपुसून परत गेले. येणारी-जाणारी माणसं तुमच्याविषयी काय काय बोलली, ते ऐकायला तुम्ही हवे होतात. "फार शिस्तीचा माणूस." "कुणाला कधी दुखावलं नाही." "चूक कशाला म्हणतात ते माहीतच नाही." मी कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. तुमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींपैकी एक आजोबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, वडिलांसारखा आधार गेला गं." माझ्या घशातून आवाज आला. सगळ्यांना वाटलं, सूनबाईंना हुंदका आला. बाबा, तो हुंदका नव्हता. मी दातओठ खात होते.

कारण गेली कितीतरी वर्षं मी तुमच्यावर सूड उगवायचा बेत करत होते. बेत पक्का होता, हत्यार घरात होतं, आणि सावजच मठ्ठा यायच्या आत पंगतीतून उठावं तसं उठून गेलं. थांबणं तुम्हाला कधी जमलंच नाही. बसची वाट बघायची नाही म्हणून तुम्ही विश्रांतवाडीहून खडकीपर्यंत चालत निघायचात, आणि वाटेत बस शेजारून गेली की म्हणायचात, "बघा, हिला वेळेचं भान नाही."

आणि आता शिरीषनं, म्हणजे तुमच्या मुलानं आणि माझ्या नवऱ्यानं, तुमचा हार घातलेला फोटो कुठे ठेवलाय माहितीये? कॉम्प्युटरच्या टेबलावर. का, तर "बाबांची आवडती जागा." अहो, ती माझी जागा होती! मरूनसुद्धा तुम्ही ती बळकावलीत.

हे पान तुम्ही वाचणार नाही, दुसरे वाचतील. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या चार गोष्टी सांगाव्या लागतील. मध्येच "पुढे बोल" म्हणू नका.

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तुम्ही सेफ्टीत होतात. त्या कारखान्याच्या दारात काडेपेटी काढून ठेवावी लागते, बुटाला लोखंडी खिळा चालत नाही, आणि दोन शेडच्या मध्ये मातीचा उंच बांध असतो, म्हणजे एकीत काही उडालं तरी दुसरी वाचते. काम चालू असलं की दारावर लाल कापड. हे सगळं मी कधी पाहिलेलं नाही, पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून रोज जेवताना ऐकलंय. आणि दर वेळी शेवटी तेच पालुपद: "माझ्या शेडमध्ये एक अपघात नाही. एक नाही." निवृत्त होऊन घरी बसलात तेव्हा शेड गेली, अपघात टाळायची खोड तेवढी राहिली. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवापुढे उदबत्ती लावली की तुम्ही उठून खिडकी उघडायचात. कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वैपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचात, जणू तो कुकर शत्रूच्या गोटातून आलाय.

आणि मी? मी हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारी सून आणि उभ्या आयुष्यात चूक न केलेला सासरा, एका छपराखाली. पत्रिका जुळवणाऱ्यानं फक्त माझी आणि शिरीषचीच जुळवली, तिथेच घोटाळा झाला.

ते दिवसही कसे होते! ज्याच्या त्याच्या तोंडी आयटी. गल्लोगल्ली संगणकाचे क्लास, आणि भाजीवाली विचारायची, "ताई, तुम्ही त्या कॉम्प्युटरात असता ना, आमच्या पोराला काय शिकवू?" आपल्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या हट्टानं. ऑफिसच्या कामाचं कारण मी सांगितलं होतं, पण खरं कारण वेगळं होतं. मला लिहायचं होतं. माहेरच्या आणि सासरच्या माणसांवर गमतीदार लेख. शनिवारी दुपारी तुम्ही वामकुक्षीला गेलात की मी टाइप करायला बसायची. मराठी टाइप करणं म्हणजे तेव्हा दिव्य होतं. एक जोडाक्षर उमटलं की मी स्वतःला बिस्किट द्यायची. लेख होत आले होते आणि एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी "पाठवा, बघू" असं म्हटलं होतं. 'पाठवा, बघू' यावर माणूस केवढे इमले बांधू शकतो!

त्यातला सगळ्यात चांगला लेख तुमच्यावर होता. नाव होतं 'खिळे'. लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारात तुम्ही माझ्या वडिलांच्या नव्या कोल्हापुरीला खिळे आहेत का ते वाकून पाहिलं होतंत, आणि माझ्या वडिलांना वाटलं, व्याही पाया पडतायत, म्हणून तेही वाकले आणि दोघांची डोकी आपटली. तिथून सुरुवात होती.

आणि मग तुम्हाला कुठल्याशा संगणकाच्या मासिकाबरोबर एक चकती फुकट मिळाली. लिनक्स, विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टीम.

तो रविवार मी विसरणार नाही. मी मंडईतून आले, तर कॉम्प्युटरच्या खोलीच्या कडीला लाल कापड. नीट पाहिलं तर आईंना हळदीकुंकवात मिळालेला खण.

"बाबा, हे काय?"

"काम चालू आहे. आत यायचं नाही."

"पण कसलं काम?"

"दुसरी सिस्टीम बसवतोय." दाराआडून तुमचा आवाज, अगदी कारखान्यातला. "तुझी विंडोज तिकडे, माझी लिनक्स इकडे. एका घरात दोन संसार नांदतात, मग एका डिस्कवर दोन सिस्टीम का नांदू नयेत?"

स्वैपाकघरातून आई म्हणाल्या, "नांदतात, कारण ओटा माझ्या ताब्यात आहे."

जेवणाच्या वेळेला तुम्ही बाहेर आलात. घामाघूम, पण चेहऱ्यावर तेज. खण काढून घडी घालून आईंच्या हातात दिलात आणि म्हणालात, "झालं. एकदम स्वच्छ."

"स्वच्छ म्हणजे?"

"म्हणजे त्यानं विचारलं, डिस्कवरचं आधीचं सगळं काढून टाकू का? म्हटलं, अर्थात! नवा माल आत घ्यायचा तर शेड आधी रिकामी हवी, झाडलेली हवी. फार शिस्तीचं सॉफ्टवेअर आहे हं. आपल्या लोकांनी शिकण्यासारखं."

मी आत धावले. विंडोज नव्हती. माझं फोल्डर नव्हतं. पडद्यावर एक निळंशार, कोरं आकाश, आणि त्यात तुमचं नाव.

मी बाहेर येऊन काय बोलले ते मला आठवत नाही. शिरीष म्हणतो, मी फक्त हातातली कोथिंबिरीची जुडी जमिनीवर ठेवली. मग तुमच्या कपाळावरची शीर हलली आणि तुम्ही विचारलंत, "बॅकअप घेतला होता का आपण?"

आपण! एरवी 'अगं मेधा, ए मेधा' म्हणणारे तुम्ही, भांडणात मला एकदम 'आपण' करायचात. पुण्यात मान वाढला की समजावं, आता वार होणार.

"नव्हता घेतला," मी म्हटलं.

"मग चूक कुणाची?"

चार दिवसांनी मात्र तुम्ही माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीची साबुदाण्याची पापडी ठेवलीत आणि म्हणालात, "पुसलं गेलं ते बरंच झालं. दुसऱ्यांदा लिहिशील ते जास्त चांगलं होईल." बाबा, त्या क्षणी मी ठरवलं. मी म्हटलंसुद्धा, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत: "तुम्ही गेल्यावर पहिलं काम मी हे करणार. तुमची बाजू पुसणार."

तुम्ही पापडी मोडत म्हणालात, "पूस की. पण आधी क्रम शिकून घे."

आणि तुम्ही खरंच शिकवलात की हो! सूड कसा घ्यायचा ते ज्याच्यावर घ्यायचा त्याच्याकडूनच शिकलेली मी बहुधा विश्रांतवाडीतली एकमेव बाई असेन. दुसऱ्या वेळी तुम्ही सगळं नव्यानं केलंत. आधी डिस्कचे भाग पाडले. एक माझा, एक तुमचा, आणि मध्ये एक रिकामी पट्टी, जिच्यात काहीच ठेवायचं नाही.

"ही कशाला?"

"बांध. तुझ्याकडे काही उडालं तर माझ्याकडे येता कामा नये."

"बाबा, डिस्कमध्ये असा बांध लागत नाही. मी या क्षेत्रात आहे."

"तू हडपसरच्या एसीत आहेस. मी दारूगोळ्यात होतो."

त्या पट्टीचा आजपर्यंत कुणालाही काडीचा उपयोग झालेला नाही.

क्रम मात्र खरा निघाला. आधी विंडोज बसवायची, मग लिनक्स. कारण विंडोज मागाहून आली तर ती दारातली पाटीच बदलते आणि जणू घरात दुसरं कुणी राहतच नाही असं वागते. आई म्हणाल्या, "सुनांचं असंच असतं." एकदा व्हायरसमुळे मला माझी विंडोज पुन्हा टाकावी लागली, आणि मशीन चालू केल्यावर तुमच्या लिनक्सचं नावच दिसेना. तुम्ही दारात उभे, चेहरा पांढराफटक. "पुसलंस?" आतलं सगळं जागच्या जागी आहे, फक्त पाटी गेलीये, हे मला माहीत होतं. मी शांतपणे भाजी चिरली, फोडणी दिली, पोळ्या लाटल्या, आणि मग सांगितलं. बाबा, त्या दिवशीची भाजी फार चविष्ट झाली होती.

पाटी तुम्ही परत लावलीत. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, इंग्रजी अक्षरांत: एक 'बाबा', एक 'सूनबाई'. हवं ते निवडायचं. आणि खाली एक आकडा उलटा मोजत जायचा. कुणीच काही दाबलं नाही तर आकडा संपल्यावर ठरलेली बाजू आपोआप सुरू.

ठरलेली बाजू! त्या दोन शब्दांवरून आपल्या घरात जेवढं रण माजलं, तेवढं हे घर कुणाच्या नावावर करायचं यावरूनही माजलं नाही.

तुम्ही ठरवलंत, कुणी काही दाबलं नाही तर बाबा. मी ऑफिसातून थकून यायची, मशीन चालू करून चहा टाकायला जायची, आणि कप घेऊन येते तर समोर तुमचं निळं आकाश. मग सगळं बंद करून पुन्हा चालू. मी म्हटलं, निदान आकडा तरी वाढवा. तुम्ही म्हणालात, "थांबायचं कशाला? ज्याला काम आहे त्यानं यंत्रासमोर बसावं." आणि उलट आणखी कमी केलात. मी टेबलापाशी पोचायच्या आत तुम्ही सुरू!

ते बदलायचं तर तुमच्या बाजूला शिरून, मुख्य पासवर्ड टाकून एक फाइल दुरुस्त करावी लागे. पासवर्ड तुम्ही कुणाला सांगणार नव्हतात. पण टाइप करताना तुम्ही ओठ हलवायचात, बाबा. एकेक अक्षर, शाळेतल्या मुलासारखं. मी शेजारी बसून मटार सोलत होते.

दुसऱ्या दिवशी ठरलेली बाजू झाली सूनबाई. तिसऱ्या दिवशी बाबा. मग सूनबाई. आपण दोघं एकमेकांना एक अक्षर बोलत नव्हतो. नुसतं सकाळी कोण आधी उठतंय यावर सगळं ठरायचं. शिरीष बिचारा मशीन चालू करताना मला विचारायचा, "आज कुणाचं राज्य आहे?" आणि त्या भांडणापायी तुमची ती लिनक्स मला इतकी येऊ लागली, की कंपनीतली सगळी यंत्रं त्या बाजूला गेली तेव्हा पूर्ण टीममध्ये घाबरली नाही ती मी एकटी. मला बढती मिळाली. पेढे आणले, तर तुम्ही पेढा हातात घेऊन म्हणालात, "क्रम शिकवला कुणी?" बाबा, मी मनातल्या मनात आभार मानले होते तुमचे, नुकतेच, त्या क्षणीच. तुम्ही विचारलंत आणि मी ते परत घेतले. आता इथे ठेवते. घ्या.

पण मुख्य गोष्ट राहिलीच.

शिरीषच्या चाळिसाव्या वाढदिवसाला घरात पंधरावीस माणसं होती. दारात चपलांचा ढीग, आणि तुम्ही सवयीनं वाकून बघत होतात. कुणीतरी थट्टा केली. तुम्ही कंबर सरळ करत म्हणालात, "आम्ही काय बुवा, माणसाच्या आधी त्याच्या पायातला खिळा ओळखणारे."

माझ्या हातातला केकचा सुरा तसाच राहिला. हे वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द माझा. 'खिळे' लेखाचं पहिलं वाक्य. तो लेख मी कुणालाही दाखवला नव्हता, शिरीषलाही नाही.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही वाचला होतात?"

"काय?"

"माझा लेख. पुसण्याआधी."

तुम्ही चष्मा पुसलात, पुन्हा लावलात. "असेल वाचला," म्हणालात आणि झोपायला गेलात.

असेल वाचला! म्हणजे वाचलात, झोंबला, आणि पुसलात. मुद्दाम. ते 'शेड रिकामी हवी' वगैरे सगळं नाटक. इतकी वर्षं मी समजत होते, म्हाताऱ्या माणसाचा हात चुकला, आणि राग होता तो फक्त 'चुकलो' म्हटलं नाहीत याचा. त्या दिवसापासून राग कडू झाला. मी पुन्हा लिहायला बसले, दुसरं खूप लिहिलं, छापूनही आलं; 'खिळे' मात्र पुन्हा लिहिला नाही. ठरवूनच नाही लिहिला. तुमची बाजू पुसायची शपथ आता थट्टेची उरली नव्हती. आणि तुम्ही? तुम्ही मला बॅकअपच्या चकत्या आणून देत राहिलात. दर महिन्याला, वरती लाल शाईनं माझं नाव घालून. मला वाटायचं, जखमेवर मीठ.

मग ते हॉस्पिटल. तिथेही तुम्ही पलंगाखालच्या सैल प्लगवरून नर्सबाईंना हैराण केलंत. त्या दुपारी ऑफिसात तुमचा फोन आला. आवाज बारीक, पण हुकूम तसाच.

"संध्याकाळी ये. एक सांगायचंय."

"सांगा ना."

"फोनवर नाही. ये तू."

तू म्हणालात. आपण नाही.

मी लवकर निघाले, बाबा. हडपसरहून निघाले आणि मुंढव्याच्या पुलावर अडकले. पुढे एक ट्रक आडवा. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "मॅडम, आता निवांत बसा." पुलावर निवांत बसलेल्या मला शिरीषचा फोन आला.

थांबला नाहीत. आयुष्यात एकदा, एकदा तरी थांबायचं होतंत.

तर आज सकाळी मी ठरल्याप्रमाणे बसले. शिरीष म्हणाला होता, ते जुनं धूड आता भंगारात देऊ. मी म्हटलं, देऊ, पण आधी माझं एक काम राहिलंय. तुमचा फोटो जरा बाजूला सरकवला; बघणाऱ्याच्या समोर असलं काम होत नाही. मग वाटलं, का नाही? बघा की! परत समोर ठेवला. दाराच्या कडीला तोच खण बांधला, आणि तुम्ही शिकवलेल्या क्रमानं निघाले. माझ्या लेखांची प्रत काढून घेतली. मग माझी विंडोज तुमच्या पाटीशिवाय आपली आपण सुरू होईल अशी तयारी. 'आधी आपल्या पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्याचा भाग काढायचा. नाहीतर दोघंही आडवे.' तुमचंच वाक्य. विंडोजची चकती घालायची, दोन ओळी टाइप करायच्या, की झालं. चकती हातात घेतली, तेवढ्यात दार उघडलं.

लाल कापडाला न जुमानणारं माणूस या घरात एकच होतं आणि आहे. आई मेथीची जुडी आणि परात घेऊन आत आल्या आणि दिवाणावर बसल्या.

"काय करतेस?"

"बाबांची बाजू पुसतेय."

"बरं." एक देठ मोडला. "त्यांनी तुझं पुसलं म्हणून?"

"हो."

"मुद्दाम पुसलं म्हणून?"

"नाहीतर काय? वाचलं आणि राग आला. नाहीतर ते खिळ्यांचं वाक्य त्यांना कुठून ठाऊक असणार?"

"वाचलं होतंच की. आदल्या दिवशी वाचलं. मला इथे बोलावून वाचून दाखवलं. ते डोकी आपटल्याचं आलं तेव्हा हसून हसून ठसका लागला त्यांना, मी पाणी आणून दिलं. म्हणाले, पोरगी माणूस बरोबर पकडते."

माझ्या हातातली चकती मी टेबलावर ठेवली.

"मग पुसलं का?"

"अगं, चुकून पुसलं. त्या यंत्रानं इंग्रजीत विचारलं, ह्यांना वाटलं फक्त ह्यांच्या वाट्याची जागा झाडायचं म्हणतंय, हे हो म्हणून मोकळे झाले. नंतर आठवडाभर धड जेवले नाहीत. तुला दिली ती पापडी, ती काय प्रेमानं दिली वाटतं? गळ्याखाली उतरत नव्हती."

"मग तसं सांगायचं ना! चुकून झालं, एवढंच. मी काय खाल्लं असतं त्यांना?"

आईंनी परातीतून मान वर केली. "मेधा, तू त्यांना ओळखलंस असं मला वाटायचं. सुनेनं दुष्ट म्हटलं तर चालणार होतं त्यांना. सासरा आहे, असतो दुष्ट. पण ह्यांच्या हातून अपघात झाला असं कुणी म्हणायला नको होतं. ते वाढदिवसाला वाक्य टाकलं ना, ते ठरवून टाकलं. आत येऊन मला म्हणाले, आता तिला वाटेल रागानं पुसलं. बरं झालं, मिटलं."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"मला शपथ घातली होती. माणूस गेलं, शपथ सुटली. देठं टाकायला कागद दे."

"मग त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मला सांगायचं होतं ते हेच का?"

"मलाही म्हणाले, मेधाला सांगायचंय. काय ते नाही बोलले." त्यांनी आणखी एक देठ मोडला. "त्या प्लगचंही असेल."

बाबा, मला किती राग आला सांगू? आमच्या धंद्यात हे रोज चालतं. आम्ही चूक दाखवली की प्रोग्राम लिहिणारा पोरगा छाती पुढे काढून म्हणतो, "ही चूक नाही, हे मुद्दाम असंच केलंय." मी असल्या पोरांना एका नजरेत ओळखते. कंपनीत माझा दरारा आहे त्यासाठी. आणि घरात माझ्यासमोर, रोज माझ्याच हातची आमटी भुरकत, तुम्ही तीच थाप मारलीत आणि मी खरी मानली! वर्षानुवर्षं मी एका लबाड माणसाचा द्वेष केला, आणि तो माणूस घरात नव्हताच. घरात होता तो लाजलेला माणूस. त्याच्याशी मी वेगळी वागले असते की हो. चार टोमणे मारले असते, सहा मारले असते, पण मग 'खिळे' पुन्हा लिहून तुम्हाला वाचून दाखवला असता. तुम्हाला ठसका लागला असता आणि पाणी मी आणलं असतं. तो ठसका तुम्ही माझ्याकडून चोरलात. लेखापेक्षा त्याचं जास्त लागलंय.

तर आता सूड. कानावर हात ठेवायचे तर ठेवा.

वाचकहो, ज्यांना आपण सगळे चूक न करणारा माणूस म्हणून ओळखत होतो, ते माझे सासरे चुकले होते. त्यांच्या हातून अपघात झाला. प्रश्न नीट न समजता त्यांनी 'हो' म्हटलं आणि सुनेचं लिखाण उडवलं. त्यात डाव नव्हता, आकस नव्हता, काही नव्हतं. साधी, ढोबळ, कुणाच्याही हातून होते तशी चूक. काल घरी येऊन 'चूक कशाला म्हणतात ते माहीतच नाही' म्हणून गेलेल्या मंडळींनी हे विशेष वाचावं. फिरायच्या मंडळींतल्या आजोबांना मी स्वतः कात्रण नेऊन देणार आहे.

झालं. निघाला तुमच्या शेडमधला एक अपघात.

पुसायचं मात्र रद्द केलं. गैरसमज नको, दया वगैरे आलेली नाही. पुसणं म्हणजे तुमची सुटका. तशी सोडणार नाही तुम्हाला. आणि हे धूड भंगारात जाणार नाही, हे शिरीषला सांगून झालंय.

मी तुमच्या बाजूला शिरले. पासवर्ड टाकताना माझे ओठ हलत होते, असं आई म्हणाल्या. ती फाइल उघडली. बाबा की सूनबाई, हे ठरवणारी ओळ समोर होती, तुम्ही शेवटची बदललेली. अर्थात बाबा. तिला हात लावला नाही. तिच्याखालची ओळ, ती उलट मोजणाऱ्या आकड्याची, ती तेवढी काढून टाकली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

आता काळ्या पडद्यावर दोन नावं आहेत. खाली आकडा नाही. काही मोजत नाही, काही संपत नाही, आपोआप काही सुरू होत नाही. कुणीतरी येऊन दाबेपर्यंत दोघंही आपापल्या ओळीवर उभे.

मी चहा टाकायला चाललेय. आलं किसून, दूध आटवून, सावकाश. मग 'खिळे' लिहायला घेणार आहे.

तुम्ही थांबा.